वाटणाची मोटार, कणकेची मोटार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात आई मोरीपाशी घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, त्यानंतर व्यायाम. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी बजावलं, की पिळायचं, दाबायचं, मळायचं काम सध्या नको. घरात सात माणसं. सकाळी पोळ्या, रात्री तांदळाच्या भाकऱ्या, आणि आठवड्यातून तीनदा तरी मासळी. म्हणजे वाटण आलंच. माझी बायको गोदामात नोकरी करते, सकाळी आठला घर सोडते. आई म्हणाली, "मी डाव्या हाताने मळीन." त्या दिवशीच्या पोळ्या आम्ही खाल्ल्या, पण आईचा चेहरा पाहून कोणाला दुसरी मागावीशी वाटली नाही.

आम्ही पूर्णा गावचे. ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडून जुन्या आग्रा रोडने भिवंडीकडे निघालं, की काल्हेर, कोपर आणि मग आमचं पूर्णा. एके काळी इथे भाताची खाचरं होती. आता गोदामं आहेत. मुंबई-ठाण्याच्या घरांत जे जे खोक्यातून पोचतं, त्यातलं बरंचसं आमच्या दारावरून ट्रकने गेलेलं असतं. मिक्सरचे आणि फूड प्रोसेसरचे खोके तर गाड्या भरभरून जातात. आणि माझा धंदा मोटारी भरायचा. भिवंडीच्या यंत्रमागांच्या मोटारी जळल्या की त्यांचं वाइंडिंग नव्याने करायचं, हे काम मी सत्तावीस वर्षं करतो आहे. शेजारीपाजारी घरचे मिक्सरही आणून टाकतात, तेही दुरुस्त करतो. त्यामुळे बायको म्हणाली, "अहो, जगाच्या मोटारी भरता, आईंसाठी एक मशीन निवडता येत नाही तुम्हाला?"

खरं सांगायचं तर येत नव्हतं. मी मिक्सर उघडलेले होते शेकडो, पण स्वयंपाकघरात उभं राहून तो वापरला होता फार थोडा. त्या निमित्ताने मी हा विषय दोन्ही बाजूंनी पाहिला, मोटारीकडूनही आणि परातीकडूनही. जे हाती लागलं ते सांगतो.

मुळात मिक्सर आणि फूड प्रोसेसर ही दोन वेगळ्या घराण्यांतली यंत्रं आहेत. फूड प्रोसेसर आला फ्रान्समधून. पिएर व्हर्दाँ नावाच्या गृहस्थाने हॉटेलांच्या स्वयंपाकघरासाठी 'रोबो-कूप' हे यंत्र बनवलं आणि १९७१ मध्ये त्याची घरगुती आवृत्ती 'मॅजिमिक्स' या नावाने काढली. कार्ल सोन्थाइमर या अमेरिकन अभियंत्याने ते पाहिलं आणि १९७३ मध्ये 'क्विझिनार्ट' या नावाने अमेरिकेत आणलं. रुंद भांडं, तळाशी दोन वाकडी पाती, वरून भाजी ढकलायची नळी. हे यंत्र चिरण्यासाठी, किसण्यासाठी, पीठ मळण्यासाठी. ओलं खोबरं आणि लाल मिरची गंधासारखी वाटायची असते, हे त्या लोकांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

आपला मिक्सर मात्र वाटणाच्या गरजेतूनच जन्मला. १९६० च्या दशकात मुंबईत माधुरी माथुर यांच्या घरचा ब्राउन कंपनीचा जर्मन मिक्सर जळला. तो दूध घुसळायला, फळांचा रस काढायला केलेला होता. आपल्या डाळी आणि मसाले त्याला कसे झेपणार? त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये अभियंता होते. त्यांनी भारतीय वाटणाला पुरेल अशी दणकट मोटार बसवलेलं यंत्र तयार केलं आणि त्यातून 'सुमीत' मिक्सर बाजारात आला. आज चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांच्या घरी मिक्सरला 'सुमीत'च म्हणत, ते आठवत असेल. माझ्या दुकानात अजूनही एखादा जुना सुमीत येतो. वजनाला भारी, आवाजाला त्याहून भारी. मालक म्हणतात, "कितीही लागू द्या, पण हाच चालू करून द्या."

आज दुकानात जे 'मिक्सर-कम-फूड प्रोसेसर' मिळतं, ते या दोन घराण्यांचं लग्न आहे. आणि लग्नात जी ओढाताण असते ती इथेही आहे. वाटणाला हवा वेग. कणकेला हवा जोर. मोटार एकच.

मागाची मोटार आणि मिक्सरची मोटार यांत फरक काय, हे थोडं सांगायला हवं, कारण सगळी निवड त्यावर ठरते. यंत्रमागाची मोटार साधारण एक अश्वशक्तीची, मिनिटाला दीड हजाराच्या आत फेरे घेणारी. तिला दिवसभर चालवा, काही बिघडत नाही. तिचा जन्मच त्यासाठी. मिक्सरच्या मोटारीला आम्ही युनिव्हर्सल मोटार म्हणतो. आकाराने नारळाएवढी, पण रिकामी फिरताना मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेते. फिरत्या भागाला, म्हणजे आर्मेचरला, कार्बनचे दोन तुकडे घासत वीज पोचवतात. जाळीतून निळसर ठिणग्या दिसतात त्या त्याच. एवढ्याशा मोटारीतून एवढा जोर काढायचा म्हणजे ती तापणारच. म्हणून ती थोडा वेळ चालण्यासाठीच बनवलेली असते. मिक्सरच्या तळाशी पट्टी असते, तिच्यावर 'रेटिंग ३० मिनिटं' असं लिहिलेलं आढळतं. त्याचा अर्थ सलग अर्धा तास चालवा असा नव्हे. अनेक माहितीपुस्तिकांत पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद असं चक्र दिलेलं असतं. ती पुस्तिका कोणी वाचत नाही. मीही वाचत नव्हतो.

दुसरी गोष्ट वॅटची. दुकानदार पहिल्या वाक्यात वॅट सांगतो. पाचशे, साडेसातशे, हजार. हा आकडा मोटार किती वीज ओढू शकते याचा आहे. पात्यापर्यंत किती जोर पोचतो याचा नव्हे. मधल्या मधे बरीच वीज उष्णतेत जाते. तरीही आकडा निरर्थक नाही. चार-पाच माणसांच्या घरात, जिथे रोज ओलं वाटण होतं आणि अधूनमधून डाळ-तांदूळ वाटले जातात, तिथे साडेसातशे वॅट पुरेसे आहेत. पाचशे वॅटवर चटणी, दाण्याचं कूट, ताक एवढं निभतं. कणीक मळायची असेल तर साडेसातशेच्या खाली जाऊ नये. हजार वॅटचा मिक्सर मी कोणाला आवर्जून सुचवत नाही. भांडी आणि पाती तीच असली तर जास्तीच्या वॅटचं काय करायचं? विजेच्या बिलाची काळजी मात्र सोडून द्या. साडेसातशे वॅटचा मिक्सर रोज दहा मिनिटं पूर्ण ताकदीने चालला, तरी महिन्याला पावणेचार युनिटच्या आसपास होतात. दोन हजार वॅटचा गिझर दोन दिवसांत अर्धा अर्धा तास लावला, की दोन युनिट तिथेच गेली.

मोटारीचं वाइंडिंग तांब्याच्या तारेचं आहे की ॲल्युमिनियमच्या, हे विचारा. बाहेरून दिसत नाही, पण खोक्यावर किंवा पुस्तिकेत चांगल्या कंपन्या ते लिहितात. स्वस्त मिक्सर माझ्याकडे उघडतात तेव्हा आत पांढरी तार निघाली, की मी गिऱ्हाइकाला सांगतो, दुरुस्तीचा खर्च करू नका.

आता फूड प्रोसेसरकडे येऊ. दुकानात पाच-सहा मॉडेलं एका रांगेत मांडलेली असतात आणि सगळी सारखीच दिसतात. पण आतून ती तीन जातींची असतात, आणि हे विक्रेता सांगत नाही. पुष्कळदा त्याला माहीतच नसतं.

पहिल्या जातीत मशीनच्या बुडावर दोन जागा असतात. एका जागी मिक्सरची भांडी बसतात, तिथे मोटारीचा पूर्ण वेग मिळतो. दुसऱ्या जागी मोठं पारदर्शक भांडं बसतं, आणि तिथे आतल्या पट्ट्याने वेग कमी केलेला असतो. सायकलचा गियर बदलल्यावर चढ चढताना चाक हळू फिरतं पण जोर वाढतो, तसंच. दुसऱ्या जातीत बुडावर जागा एकच. पण मोठ्या भांड्याच्या तळाशी दातेरी चाकं बसवलेली असतात आणि ती वेग कमी करतात. ही मशीनं ओट्यावर जागा कमी खातात, हा त्यांचा मोठा गुण. तिसऱ्या जातीत पट्टा नाही, दातेरी चाकं नाहीत. मोठं भांडं सरळ मिक्सरच्या जागी बसवायचं आणि बटण एकवर ठेवायचं.

ही तिसरी जात कणकेसाठी घेऊ नका. कारण समजून घ्या. बटण एकवर ठेवलं की मोटारीचा वेग कमी होतो खरा, पण जोर वाढत नाही, उलट घटतो. त्यात मोटारीला थंड ठेवणारा पंखा तिच्याच दांड्यावर बसलेला. मोटार हळू फिरली की पंखाही हळू. म्हणजे कणकेचा गोळा पात्याला धरून बसलेला, मोटार अडखळत जास्त वीज ओढतेय, आणि वारा घालणारा झोपलेला. याच कारणाने घट्ट वाटणही एकवर रेटू नये. एकवर सुरू करावं, जिन्नस जरा फुटला की दोन-तीनवर न्यावं. 'हळू चालवलं म्हणजे मशीन जपलं' ही समजूत माझ्या दुकानाला बरंच काम देते.

दुकानात ही जात ओळखायची कशी? मोठं भांडं हातात घ्या आणि उलटं करून तळ पाहा. दातेरी चाकांचा जाडसर डबा दिसला, तर दुसरी जात. मशीनवर भांड्यासाठी वेगळी जागा दिसली, तर पहिली. दोन्ही नसलं तर काकड्या-गाजरं चिरायला ठीक आहे.

आणखी एक गैरसमज अगदी आमच्या घरातही होता. मोठं भांडं आहे, मग वाटण त्यातच होईल. होत नाही. एका नारळाचं खोबरं, मूठभर कोथिंबीर, सात-आठ लसूणपाकळ्या आणि मिरच्या एवढा ऐवज त्या दोन-अडीच लिटरच्या भांड्यात टाकला, की पात्याचा पहिला फेरा होताच तो सगळा कडेला जाऊन चिकटतो. पातं मधे मोकळंच फिरत राहतं. वाटणाला अरुंद भांडं हवं, पातं तळाला टेकल्यासारखं हवं, आणि जिन्नस परत परत पात्यावर कोसळायला हवा. म्हणून आगरी-कोळी घरात, मालवणी घरात, जिथे रोज ओलं वाटण लागतं, तिथे खरी परीक्षा चटणीच्या लहान भांड्याची. पाऊण वाटी खोबरं त्यात दोन चमचे पाण्यावर गंधासारखं होतं का? खोबऱ्याचे कण कालवणात तरंगले, तर आमच्याकडे जेवणारा काही बोलत नाही, फक्त ताट जरा लवकर उचलतो. हे लहान भांडं स्टीलचं, जाड पत्र्याचं, झाकण घट्ट बसणारं असावं. मोठ्या मशीनसोबत येणारं लहान भांडं कधी कधी फारच किरकोळ असतं. बाकीच्या बारा जोडसामानाकडे पाहताना ते नजरेतून सुटतं.

वर्षाच्या मसाल्याचा विचार मिक्सर घेताना करू नका. आमच्याकडे तो उन्हाळ्यात डंकावर कुटून आणतात, आणि तेच बरं. इडलीचं पीठ चार-पाच माणसांपुरतं असेल तर मिक्सरच्या मोठ्या भांड्यात होतं. गार पाणी घालावं, नाही तर पात्याच्या वेगाने पीठ तापतं. आठवड्याला दोन-दोन किलो वाटायचं असेल तर दगडाचा वेट ग्राइंडर वेगळा घ्यावा.

कणकेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आईसाठी सगळा खटाटोप त्याचाच होता. आम्ही शेवटी दुसऱ्या जातीचं, दातेरी चाकांचं मशीन आणलं, साडेसातशे वॅटचं. पहिल्या दिवशी आई स्टुलावर बसून परीक्षा घेतल्यासारखी पाहत होती. मी पाव किलो पीठ, मीठ, चमचाभर तेल आणि सगळं पाणी एकदम घालून बटण फिरवलं. दोन मिनिटांनी भांड्यात लापशी होती. आई म्हणाली, "मोटारी भर तू."

चूक अशी होती. पीठ आधी, पाणी नंतर. मशीन चालू ठेवून वरच्या नळीतून पाणी बारीक धारेने सोडायचं. पाव किलो गव्हाच्या पिठाला साधारण दीडशे मिली. पीठ जुनं की नवं, जाडं की बारीक, त्यावर दोन-तीन चमचे इकडेतिकडे. आधी रव्यासारखं दिसतं, मग खडे होतात, मग एकाएकी गोळा जमतो आणि भांड्याच्या कडा स्वच्छ होतात. त्या क्षणी बंद करायचं. पुढे चालवलं तर कणीक तापते, चिकटते आणि मोटारही. गोळा पंधरा मिनिटं झाकून ठेवला, की बाकीचं काम तो स्वतःच करतो. पोळी हाताच्या कणकेइतकीच मऊ होते का? जवळजवळ. आईच्या मते नाही. तिचं ते मत बदलेल अशी आशा कोणी ठेवू नये.

तांदळाच्या भाकरीची उकड मात्र मला आश्चर्य वाटावं इतकी चांगली निघाली. उकड गरम असतानाच मळावी लागते, आणि आमच्या बायकांचे हात वर्षानुवर्षं त्यात पोळतात. मशीनमध्ये ती अर्ध्या अर्ध्या वाटणीने, जरा वाफ गेल्यावर घालावी, पाण्याचा हबका मारावा. अर्ध्या मिनिटात गुळगुळीत होते. आईने तो गोळा हातात घेऊन दाबून पाहिला आणि "चालंल" एवढंच म्हणाली. माझ्या मते त्या मशीनचे निम्मे पैसे त्याच संध्याकाळी वसूल झाले.

पण इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या गल्लीत एक मुलगी आहे. नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा तिने गोदामातल्या कामगारांना पोळी-भाजीचे डबे द्यायला सुरुवात केली. रोज पाच किलो कणीक. हात भरून यायला लागले तेव्हा तिने हप्त्यावर चांगलं नावाजलेलं घरगुती फूड प्रोसेसर घेतलं. तिसऱ्या महिन्यात ते जळलं. कंपनीच्या माणसाने येऊन पाहिलं, दारातले डबे पाहिले, आणि सांगितलं, की व्यावसायिक वापराला हमी लागू नाही. तसं पुस्तिकेत लिहिलेलंच होतं. ती मशीन घेऊन माझ्याकडे आली. "दादा, हप्ते अजून सहा राहिलेत."

मी तिच्यासमोर हिशेब मांडला. त्या भांड्यात एका वेळी चारशे ग्रॅम पीठ. पाच किलोला तेरा घाणे. घरात दिवसाला एक घाणा होतो. म्हणजे तिने रोज तेरा दिवसांचं काम करून घेतलं. तीन महिन्यांत तीन वर्षांहून जास्त. मशीन वाईट नव्हतं. तिच्या कामाचं नव्हतं. तिला हवं होतं ते कणीक मळण्याचं स्वतंत्र यंत्र, ज्यात एका वेळी दोन-तीन किलो पीठ बसतं आणि मोटार मागाच्या मोटारीच्या जातीची, हळू आणि सतत चालणारी असते. त्यात चटणी होत नाही, गाजर किसत नाही. पण रोजचा धंदा होतो. तिच्या मशीनचं आर्मेचर मी बदलून दिलं, ते आता घरच्या कामाला आहे. धंद्यासाठी तिने वर्षभराने जुनं यंत्र मिळवलं. मधलं वर्ष ती पहाटे चारला उठून हाताने मळत होती. दुकानदाराने विकताना "रोज किती कणीक?" एवढा एक प्रश्न विचारला असता, तर ते वर्ष वाचलं असतं. आपण तरी तो स्वतःला विचारावा.

खरेदीला जाताना पाहायच्या गोष्टी फार नाहीत. भारतीय मानक ब्युरोचं घरगुती मिक्सरसाठी आयएस ४२५० हे मानक आहे. आयएसआयची खूण पाहावी. रिकामा मिक्सर चालवून दाखवतात, त्यावरून एवढंच कळतं, की आवाज एकसारखा आहे की खडखडता, आणि मशीन ओट्यावर सरकतं का. त्याहून उपयोगी परीक्षा म्हणजे भांडं उलटं धरून खालची चकती बोटाने फिरवणे. ती सहज फिरावी आणि बाजूला डुगडुगू नये. डुगडुगणारा दांडा म्हणजे ढिला बुश. पुढे त्यातून पाणी झिरपतं, मोटारीच्या वरच्या बेअरिंगवर उतरतं, गंज धरतो. 'मिक्सर अचानक जाम झाला' म्हणून येणारी बरीच मशीनं अशी भांड्यामुळे मेलेली असतात. घरीही महिन्यातून एकदा हे करून पाहा. मिक्सर बसवायच्या जागी काळपट ओघळ दिसला, तर भांडं लगेच दुरुस्तीला द्या.

मोठ्या भांड्याचं झाकण खाचेत नीट बसल्याशिवाय मशीन सुरू होता कामा नये. काही जण झाकण बसवायचा कंटाळा येतो म्हणून ही सोय काडी घालून निकामी करतात. मी अशा एका गृहस्थाचं बोट पाहिलं आहे, जास्त सांगत नाही. चिरायच्या चकतीवर भाजी ढकलायला दट्ट्याच वापरावा, बोट नाही, चमचाही नाही. आणि गरम टोमॅटो, गरम डाळ झाकण लावून फिरवू नका. वाफ झाकण उडवते आणि ते सगळं तोंडावर येतं. निवू द्यावं, भांडं अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये.

सुट्या भागांची चौकशी बिल करण्याआधी करा. कपलर, म्हणजे भांड्याला फिरवणारी ती रबरी किंवा नायलॉनची चकती, ही झिजण्यासाठीच असते; जोर फार आला की ती तुटते आणि मोटार वाचते. कार्बनही झिजतात. दोन्ही स्वस्त. पण मोठं पारदर्शक भांडं तडकलं तर नवीन केवढ्याला, आणि मिळतं का? हा प्रश्न विचारला की दुकानदाराचा चेहरा पाहण्यासारखा होतो. मॉडेल बंद झालं की भांडं मिळत नाही, आणि आठ-दहा हजारांचं मशीन शेवटी मिक्सर म्हणूनच वापरावं लागतं. मिक्सर बंद पडला तर घाबरून माझ्याकडे धावण्याआधी तळाशी लाल बटण आहे ते पाहा. मोटार तापली की ते आपोआप बाहेर येतं. पाच-दहा मिनिटं थांबा, भांड्यातला ऐवज कमी करा, बटण दाबा. हे ऐकून माझा धंदा थोडा कमी होईल, होऊ दे.

मग घ्यावं काय? घरात दोन-तीन माणसं असतील आणि कणीक मळायला हात आनंदाने चालत असेल, तर साधारण तीन-चार हजारांचा तीन भांड्यांचा चांगला मिक्सर घ्या, आणि भाजी चिरायला विळी आहेच. हातांना दुखणं असेल, घर मोठं असेल, किंवा सकाळी दोघांना बाहेर पडायचं असेल, तर कमी वेगाची खरी सोय असलेलं एकत्रित मशीन घेण्यात पैसे वाया जात नाहीत. ओट्यावर त्याची कायमची जागा मात्र आधी ठरवा. कपाटात ठेवलेलं फूड प्रोसेसर दिवाळीला आणि गणपतीला निघतं, बाकी वर्षभर त्याच्यावर पिशव्या ठेवल्या जातात. आणि घरात मिक्सर चांगला चालत असेल, तर तो मोडीत देऊन एकत्रित मशीन आणू नका. एकच मोटार असलेल्या घरात ती मोटार जळाली, की वाटणही बंद आणि कणीकही बंद. आमचा जुना मिक्सर आम्ही ठेवला आहे, वाटण त्याच्यावरच होतं.

आईचं मनगट आता बरं आहे. पोळ्यांची कणीक ती पुन्हा परातीत मळते, कोणी काही म्हटलेलं चालत नाही. उकड मशीनमध्येच होते. लग्नाकार्याला पाच किलो कांदे चिरायचे असले की शेजारणी चकती मागून नेतात, आणि परत देताना तिची धार गेल्याची तक्रारही करतात. लिंबू-संत्र्याचा रस काढायचं सामान एकदा वापरलं. नारळ खवायचं जे जोडसामान सोबत आलं होतं, ते अजून प्लास्टिकच्या पिशवीत, वरच्या फळीवर आहे; आई खवणीवर बसते आणि अर्धा नारळ संपेपर्यंत कोणाला जवळ येऊ देत नाही.